ग्रॅफाइटच्या विटेला भेग पडते कशी : काळ्या मातीच्या नळकांड्यावरून अणुभट्टीतील भेग वाचण्याची रीत

अणुभट्टीच्या गाभ्यातील ग्रॅफाइटच्या विटांना भेगा पडल्याचे वाचले की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की या विटांना धक्का कशाचा बसला. हा प्रश्न सुरुवातीलाच बाजूला ठेवावा. या विटेवर बाहेरून पडणारा भार फारसा नसतो. तिला फोडणारा जोर तिच्या पोटातच तयार होतो, कारण तिचा एक भाग आकसू पाहतो, शेजारचा भाग त्याला आकसू देत नाही, आणि ही ओढाताण वर्षानुवर्षे चालू राहते. म्हणून भेग वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात : आकसत कोण होते, अडवत कोण होते, आणि हे विटेच्या आयुष्यात कोणत्या टप्प्यावर घडले.

खानदेशातल्या वाचकाला हे समजावणे त्यामानाने सोपे आहे. तापीकाठची काळी जमीन चैत्र-वैशाखात भेगाळते तेव्हा तिच्यावर कोणी पहार मारलेली नसते. वरचा थर वाळतो आणि आकसू पाहतो, खालचा थर अजून ओला असल्यामुळे जागचा हलत नाही, आणि या दोघांच्या भांडणात वरचा थर फाटतो. जळगाव जिल्ह्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञान शिकवताना मी या विषयाची सुरुवात याच मातीने करतो. ग्रॅफाइटची अणुभट्टी जवळपास कुठे जाऊन पाहता येईल अशी सोय नाही. महाराष्ट्रातील तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या आहेत आणि नंतरच्या दोन जड पाण्याच्या. ग्रॅफाइटच्या भट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करण्याचे जे काम या विटा करतात, ते तिथे पाणीच करते. तेव्हा आधी मातीचा प्रयोग करावा आणि मग ग्रॅफाइटकडे वळावे.

नळकांडे तयार करणे

शेतातील खोल काळी माती सुमारे सहा किलो घ्यावी, ढेकळे फोडून ती चाळावी आणि कणकेइतकी घट्ट मळून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली मुरू द्यावी. साच्यासाठी पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे लागतात, एक १४० मिलिमीटरचा आणि एक ७५ मिलिमीटरचा. ठिबक आणि पाइपलाइनच्या या मुलखात असे तुकडे कोणत्याही गोडाऊनच्या मागे पडलेले सापडतात. मोठा तुकडा उभा चिरून तारेने बांधावा, म्हणजे नंतर उघडता येईल. लहान तुकडा त्याच्या मध्यभागी उभा ठेवावा, दोघांनाही तेल लावावे आणि मधल्या जागेत माती ठासून सुमारे २० सेंटिमीटर उंचीचे पोकळ नळकांडे तयार करावे. ही मापे मुद्दाम निवडली आहेत. ब्रिटनमधील प्रगत वायुशीतित भट्ट्यांची वीट अशीच पोकळ असते. तिचा बाहेरचा व्यास सुमारे ४६० मिलिमीटर आणि भोकाचा सुमारे २६० मिलिमीटर असतो, म्हणजे आपल्या नळकांड्याचे प्रमाण जवळपास तेच आहे. त्या भोकात इंधन असते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू वाहतो. विटेच्या बाहेरच्या अंगाला उभ्या खाचा असतात. त्या खाचांत बसवलेल्या ग्रॅफाइटच्या चाव्या शेजारच्या विटांना एकमेकींशी जखडून ठेवतात. आपणही माती जरा घट्ट होताच बाहेरचा साचा उघडून, सुरीने आठेक मिलिमीटर खोलीच्या चार उभ्या खाचा काढाव्यात आणि त्यांचे आतले कोपरे बोटाने गोल न करता धारदारच ठेवावेत.

आतला पाइप मात्र वेळेवर काढावा. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा मी तो रात्रभर आतच राहू दिला. सकाळी नळकांड्याला तीन ठिकाणी आरपार तडे गेलेले होते, कारण माती सगळीकडून आकसत होती आणि आतला पाइप तिला तसूभर जागा देत नव्हता. प्रयोग फसला खरा, पण वर्गाला अडवणूक म्हणजे काय हे दाखवायला तेच नळकांडे मी पुढे कितीतरी दिवस टेबलावर ठेवले.

अशी दोन नळकांडी करावीत आणि दोघांचीही वरची व खालची तोंडाकडची कडा प्लास्टिकने झाकावी, म्हणजे तिथून ओल उडणार नाही. पहिल्याला बाहेरून ओले गोणपाट गुंडाळावे आणि भोकातून केस वाळवण्याच्या यंत्राने मंद गरम हवा सोडावी. दुसऱ्याच्या भोकात ओल्या चिंध्या भराव्यात आणि बाहेरचे अंग पंख्यासमोर उघडे ठेवावे. दर अर्ध्या तासाने दोन्हींकडे पाहावे आणि पहिली भेग दिसताच तिची जागा, वेळ आणि रुंदी लिहून ठेवावी.

पहिल्या नळकांड्यात आतली भिंत आधी वाळते. ती आकसू पाहते, बाहेरची ओली माती तिला आकसू देत नाही, त्यामुळे आतल्या भिंतीत ओढ आणि बाहेरच्या अंगात दाब तयार होतो. भेग भोकाच्या भिंतीत सुरू होऊन बाहेर सरकते. दुसऱ्यात याच्या उलट घडते. बाहेरचे अंग आकसते, आतले अडवते, ओढ बाहेर येते आणि ती खाचेच्या धारदार कोपऱ्यात सर्वांत जास्त साचत असल्यामुळे भेग नेमकी तिथून सुरू होऊन आत भोकाकडे धावते. भेग जिथे रुंद तिथे तिचा उगम आणि जिथे केसासारखी बारीक तिथे तिचे टोक, ही खूण दोन्ही नळकांड्यांवर बोट ठेवून दाखवता येते. हे दोन नमुने डोळ्यांसमोर ठेवले की पुढचे सगळे त्यांच्यावरच उभे राहते.

पाणी नसताना ग्रॅफाइट आकसते कसे

ग्रॅफाइट वाळत नाही. ते आकसते न्यूट्रॉनच्या माऱ्याने, आणि त्याची यंत्रणा समजल्याशिवाय मातीचे उदाहरण पुढे रेटू नये.

ग्रॅफाइटच्या स्फटिकात कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या पापुद्र्यांत मांडलेले असतात. पापुद्र्याच्या आत बंध अतिशय मजबूत असतो, तर दोन पापुद्र्यांमधील बंध इतका दुबळा असतो की शिसपेन्सिल कागदावर घासताच पापुद्रे सुटून येतात. भट्टीसाठीचे ग्रॅफाइट खनिज तेलाचा कोक आणि डांबराचा चिकट पीच यांच्या मिश्रणातून बनवतात. मिश्रण आधी भाजतात आणि मग २,८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्याचे ग्रॅफाइट करतात. ते थंड होताना स्फटिक पापुद्र्यांच्या आडव्या दिशेने, म्हणजे थरावर थर जवळ येण्याच्या दिशेने, खूप आकसतो आणि पापुद्र्याच्या पातळीत जवळजवळ आकसतच नाही. या विषमतेमुळे थरांमध्ये असंख्य सूक्ष्म फटी उघडतात. त्यांना म्रोझोव्हस्की फटी म्हणतात. म्हणजे भट्टीत जाण्यापूर्वीच हा पदार्थ भेगांनी भरलेला असतो, आणि त्याच्या दीर्घ आयुष्याचे श्रेय बरेचसे याच फटींना जाते, हे विद्यार्थ्यांना पहिल्यांदा पटत नाही.

वेगवान न्यूट्रॉन स्फटिकातील अणूंना जागेवरून उडवतो. उडालेले काही अणू दोन पापुद्र्यांच्या मधोमध जाऊन अडकतात, एकत्र येतात आणि तिथे नवे अर्धेमुर्धे पापुद्रे तयार करतात. मागे राहिलेल्या रिकाम्या जागांमुळे मूळ पापुद्रे आपल्या पातळीत आकसतात. परिणामी स्फटिक थरांच्या दिशेने जाड होतो आणि पातळीच्या दिशेने आखूड होतो. आता त्या म्रोझोव्हस्की फटी आठवाव्यात. थरांच्या दिशेची वाढ या रिकाम्या फटींत जिरून जाते, बाहेर दिसत नाही. पातळीतले आखूड होणे मात्र बाहेर दिसते. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत संपूर्ण वीट आकसते. पुढे फटी भरून जातात, वाढीला आत जागा उरत नाही, आणि वीट आकसायची थांबून फुगू लागते. या वळणबिंदूनंतर स्फटिक एकमेकांना ढकलू लागतात, नव्या फटी उघडतात आणि पदार्थाची ताकद घसरू लागते.

ब्रिटिश विटांसाठी वापरलेले ग्रॅफाइट गिल्सोनाइट या नैसर्गिक डांबरापासून काढलेल्या कोकचे आहे. त्याचे कण गोल असतात आणि त्यांच्या आत फटी कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकात एक असतात, त्यामुळे वीट सर्व दिशांना साधारण सारखीच वागते. शुद्ध स्फटिकाची घनता घनसेंटिमीटरला २.२६ ग्रॅम आणि या विटेची सुमारे १.८, म्हणजे विटेचा जवळपास पाचवा हिस्सा पोकळ्यांचाच आहे.

एकच वीट, दोन घड्याळे

आता मातीकडे परत यावे. विटेच्या भोकात इंधन असल्यामुळे वेगवान न्यूट्रॉनचा मारा भोकाच्या भिंतीवर सर्वाधिक होतो आणि बाहेरच्या अंगाकडे कमी होत जातो. आतले ग्रॅफाइट आयुष्यात पुढे धावते, बाहेरचे मागून येते. सुरुवातीच्या काळात आतली भिंत बाहेरच्यापेक्षा जास्त आकसते, ओढ आत असते. हे आपले पहिले नळकांडे आहे, आणि या काळात पडणारी भेग भोकाच्या भिंतीतून निघते. बऱ्याच वर्षांनी आतली भिंत वळणबिंदू ओलांडून फुगू लागते, तर बाहेरचे अंग अजून आकसतच असते. ओढ बाहेर जाते आणि भेग खाचेच्या मुळाशी सुरू होते. हे दुसरे नळकांडे. मातीत बाहेरचे अंग आकसले आणि ग्रॅफाइटमध्ये आतले फुगले, एवढा फरक राहतो. पण ताण ठरतो तो दोघांमधील तफावतीवरून.

तेव्हा भेगेचा उगम पाहून विटेचे वय सांगता येते. भोकात उगम असेल तर तारुण्यातली भेग, खाचेत असेल तर उतारवयातली. स्कॉटलंडमधील हंटर्स्टन बी आणि इंग्लंडमधील हिंकली पॉइंट बी ही अशाच वायुशीतित भट्ट्यांची दोन्ही केंद्रे १९७६ साली वीज देऊ लागली. हंटर्स्टनमध्ये खाचेच्या मुळाशी सुरू झालेली भेग २०१५ साली आढळली, म्हणजे जवळपास चाळीस वर्षांनी. ती अनपेक्षित नव्हती, तिचा अंदाज आधीच बांधलेला होता. पुढे २०१८ साली तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या भट्टीच्या तपासणीत अशा भेगांची संख्या अपेक्षेपेक्षा वेगाने वाढलेली दिसली आणि भट्टी दीर्घकाळ बंद ठेवावी लागली. हंटर्स्टन बी जानेवारी २०२२ मध्ये आणि हिंकली पॉइंट बी ऑगस्ट २०२२ मध्ये कायमचे बंद झाले.

इथे एक शंका रास्त आहे. तफावत पहिल्या काही वर्षांतच मोठी होत असेल, तर वीट तेव्हाच का फुटत नाही? कारण न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ग्रॅफाइट हळूहळू सरकते, म्हणजे ताणाखाली आपला आकार थोडाथोडा बदलते. एरवी सुमारे २,००० अंशांच्या खाली जे सरकणे नगण्य असते, तेच माऱ्यामुळे काहीशे अंशांवरही घडते आणि साठलेला ताण ओसरत राहतो. म्हणजे जो मारा ताण निर्माण करतो तोच त्याला ढिलाही करतो. गंमत अशी, की भट्टी बंद करून गार केली की तापमानातील फरकाशी जुळवून घेतलेली वीट पुन्हा नव्या ताणात सापडते, त्यामुळे भेगेचा विचार करताना केवळ चालू भट्टीचा हिशेब पुरेसा होत नाही.

सराफ बाजारातील मुशीचे उदाहरण मात्र इथे लावू नये. ग्रॅफाइट आणि चिकणमातीची ती मूस ओलसर असताना एकदम आगीवर ठेवली की तडकते हे कारागिराला ठाऊक असते, पण तो तापमानाच्या धक्क्याचा आणि अडकलेल्या वाफेचा प्रकार आहे. शुद्ध ग्रॅफाइट असा धक्का उत्तम सोसते.

भेग पुढे सरकते ती कशी

मातीचे तिसरे नळकांडे करून त्यात मूठभर बारीक भुसा मिसळावा आणि दुसऱ्याप्रमाणेच वाळवावे. भिंती सारवताना किंवा चूल घालताना मातीत भुसा किंवा शेण का घालतात याचे उत्तर इथे भिंगातून पाहता येते : भेग उघडते, पण काड्या तिच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात, आणि भेगेला पुढे सरकण्यासाठी दरवेळी जास्त जोर लावावा लागतो.

ग्रॅफाइटमध्ये काड्या नसतात, तरी काम तसेच होते. भेगेच्या टोकापुढे आधी बारीक बारीक फटींचा एक पट्टा तयार होतो. मुख्य भेग त्यातल्या सोयीच्या फटी जोडत, पोकळ्यांमधून, कोकच्या कणांना वळसा घालत किंवा त्यांच्या पापुद्र्यांतून वाकडीतिकडी जाते. मागे उरलेले न तुटलेले कण दोन्ही काठांना पुलासारखे जोडून ठेवतात आणि खडबडीत काठ एकमेकांवर घासत राहतात. म्हणून ग्रॅफाइट ठिसूळ असले तरी काच फुटते तसे फुटत नाही. भेगेला त्याचा विरोध आकड्यांत काचेच्या किंचित वरच असतो, पण भेग लांबत जाते तसा तो काही अंशी वाढतो.

पोकळ्यांमधून वाट काढण्याच्या या सवयीमुळे दुसरी एक गोष्ट निर्णायक ठरते, ती म्हणजे विटेचे वजन. वायुशीतित भट्टीत किरणोत्सर्गामुळे कार्बन डायऑक्साइडचे रेणू मोडतात, त्यातून निघणारे क्रियाशील घटक पोकळ्यांच्या भिंतींवरील कार्बन खातात आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. हा प्रकार आवरण्यासाठी वायूत थोडा मिथेन मिसळतात. तरीही विटा वर्षानुवर्षे हलक्या होत जातात, आणि वजन जितके टक्के घटते त्याच्यापेक्षा ताकद बरीच जास्त टक्क्यांनी घटते. न्यूट्रॉनचा मारा सुरुवातीला ग्रॅफाइटला ताठ आणि काहीसे बळकट करतो, त्या कमाईवर वजनाची झीज पाणी फिरवत असते. ज्या विटेचे वजन जास्त घटले, तिच्यात भेगेला वाट सोपी.

अहवाल हाती आला तर

आता एखाद्या केंद्राचा तपासणी अहवाल वाचायचा असेल, तर आधी भट्टीचा प्रकार आणि ग्रॅफाइटभोवतीचा वायू पाहावा, कारण झीज मोजायची की नाही ते त्यावर ठरते. रशियातील आरबीएमके या प्रकारच्या भट्ट्यांत ग्रॅफाइटचे चौकोनी ठोकळे २५० मिलिमीटर बाजूचे असतात, त्यांच्या भोवती हेलियम आणि नायट्रोजनचे मिश्रण असते आणि इंधनाभोवतीचे पाणी वेगळ्या धातूच्या नळीतून वाहते, त्यामुळे तिथे कार्बन डायऑक्साइडमुळे होणारी झीज नसते. तरीही आकसणे आणि फुगणे चुकत नाही. तिथे ठोकळे उभे चिरले, त्यांचे तुकडे एकमेकांपासून सरकले आणि ठोकळ्यांचे स्तंभ वाकू लागले. लेनिनग्राद केंद्राच्या पहिल्या भट्टीत ग्रॅफाइट कापून वाकलेले स्तंभ सरळ करावे लागले आणि २०१३ साली ती पुन्हा सुरू झाली. कारण एकच, पण भट्टीनुसार त्याचा परिणाम वेगळा.

मग भेगेचा उगम, तिची उंची आणि तिचे तोंड किती उघडले आहे ते पाहावे. तपासणी करणारे इंधन काढल्यावर भोकात कॅमेरा सोडतात, भिंतीतून छोटे नमुने कोरून काढतात. इंधन आत-बाहेर करताना उचलणीच्या यंत्रावरील भार नोंदवतात. भोकाचा व्यास कुठे बदलला असेल तर त्या नोंदीत झटका दिसतो. कॅमेरा मात्र आतूनच पाहतो, त्यामुळे बाहेरच्या खाचेत जन्मलेली भेग भोकापर्यंत आरपार आली की मगच दिसते. अहवालातील शून्य या आकड्याचा अर्थ लावताना ही मर्यादा लक्षात ठेवावी.

आणि विग्नर ऊर्जेची गल्लत करू नये. १० ऑक्टोबर १९५७ रोजी ब्रिटनमधील विंडस्केलच्या ग्रॅफाइट भट्टीला लागलेली आग भेगांमुळे लागली नव्हती. कमी तापमानात मारा सोसलेल्या ग्रॅफाइटमध्ये अणूंच्या उलथापालथीची ऊर्जा साठते, हीच विग्नर ऊर्जा; ती काढून टाकण्यासाठी भट्टी मुद्दाम तापवली जात असताना ती आग लागली. मूळ दोन्हीकडे जागेवरून उडालेले अणूच आहेत, परंतु प्रश्न वेगळा आहे.

शेवटी संख्या. ब्रिटिश भट्टीत इंधनाच्या वाटांभोवती अशा सुमारे ३,००० विटा असतात, आणि त्यातल्या शेदीडशे विटांना एकेक भेग असणे वेगळे आणि एकाच विटेला समोरासमोर दोन भेगा पडून तिचे दोन अर्धे होणे वेगळे. वीट वायूचा दाब अडवून ठेवत नाही, ते काम बाहेरच्या काँक्रीटच्या पात्राचे. विटेचे काम न्यूट्रॉन मंद करण्याचे आणि इंधनाची व भट्टी बंद करणाऱ्या नियंत्रण कांड्यांची वाट सरळ ठेवण्याचे. तेव्हा पाहायचे ते हे, की विटा सरकून वाट वाकडी झाली का, आणि भूकंपाच्या हादऱ्यातही कांड्या वेळेत खाली उतरतील का.

हे देखील मातीवर करून पाहता येते. दुसरे नळकांडे पहिल्या भेगेनंतरही वाळू द्यावे. कधी कधी समोरच्या खाचेतून दुसरी भेग निघते आणि दोन अर्धे हातात येतात. ते पुन्हा जुळवून उभे करावेत, ६३ मिलिमीटरचा पाइप (माती फार आकसली असेल तर ५० मिलिमीटरचा) भोकातून खाली सोडावा आणि तो न अडखळता जातो का ते पाहावे. मग एक अर्धा बोटाने दोन-तीन मिलिमीटर सरकवून पुन्हा सोडावा, आणि कितव्या मिलिमीटरला पाइप अडकला ते वहीत लिहावे.